ट्रॅव्हल ट्रेलर घेतोय, डीलरकडे भाव किती आणि कसा पाडायचा?

पायवाट

नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. आम्ही अमेरिकेत मिडवेस्टात राहतो, दोन मुलं आहेत, दर उन्हाळ्यात तंबू ठोकून कॅम्पिंग करतो. पण आता सासूबाई आमच्याकडेच राहायला आल्यात आणि त्यांना घरी एकट्या ठेवून जायचं जिवावर येतं, तंबूत जमिनीवर झोपवायचं तर त्याहून नको वाटतं, म्हणून ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घ्यायचं घाटतंय. २६ फुटी बंकहाउस (आत एकावर एक झोपायचे बंक), एक स्लाइड-आउट (बाजूला बाहेर सरकणारा भाग), असा एक सगळ्यांना आवडलाय. नवऱ्याकडे हाफ-टन पिकअप, म्हणजे हलक्या वर्गातला पिकअप ट्रक, आहे.

स्टिकरवर एमएसआरपी (कंपनीने सुचवलेली किंमत) ४१,२०० डॉलर लिहिलीय, ती खोडून खाली लाल अक्षरात ३३,९९५. सेल्समन म्हणतो की ७ हजार आधीच कमी केलेत, आता यात काही वाव नाही आणि हा भाव रविवारपर्यंतच. मी म्हटलं विचार करून सांगते, तर त्याने लगेच विचारलं महिन्याला किती हप्ता झेपेल आणि १५ वर्षांचा हिशेब करून कागद पुढे सरकवला. त्याच कागदावर तळाला फ्रेट, प्रेप, डॉक फी असं सगळं मिळून अजून अडीच हजारांच्या वर होतं, टॅक्स वेगळाच.

भाजी घेताना मी बिनधास्त घासाघीस करते पण इथे तीस-चाळीस हजारांच्या वस्तूला किती खाली मागायचं हेच कळत नाही. फार कमी मागितलं तर हाकलून देतील का? खरंच वाव नसतो का? कोणी घेतला असेल तर नीट सांगा प्लीज.

हिशेबनीस

ताई, वाव असतो आणि चांगला भरपूर असतो. आरव्हीच्या, म्हणजे अशा ट्रेलर आणि मोटरहोमच्या, धंद्यात एमएसआरपी हा खोडण्यासाठीच छापलेला आकडा असतो, त्या किमतीला सहसा कोणी घेत नाही. नव्या ट्रेलरवर एमएसआरपीच्या २० ते ३० टक्के खाली सौदा होणं ही नेहमीची गोष्ट आहे, मागच्या मॉडेल इयरचा उरलेला माल असेल तर त्याच्याही खाली जातो. तुम्हाला दिलेली सूट साडेसतरा टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे ज्याला तो शेवटचा भाव म्हणतोय तिथून बोलणं सुरू होतं असं धरा. २५ टक्के सुटीला ३०,९०० होतात, ३० टक्क्यांना २८,८४०. मी असतो तर २८,५०० पासून सुरुवात केली असती आणि ३०-३१ हजारांच्या दरम्यान कुठेतरी थांबलो असतो.

हाकलून वगैरे कोणी देत नाही हो. त्यांचं ते रोजचं काम आहे. फक्त आकडा हवेत मारायचा नाही, त्याला आधार पाहिजे. आधार कसा मिळवायचा ते सांगतो. तुम्हाला आवडलेलं मॉडेल आणि फ्लोअरप्लॅन (आतली मांडणी) नंबर घ्या आणि आरव्ही ट्रेडरसारख्या साइटवर पाच-सहाशे मैलांत जेवढे डीलर तेच मॉडेल विकतायत तेवढे शोधा. तुम्ही मिडवेस्टात आहात म्हणजे इंडियानातलं एल्कहार्ट फार लांब नाही, अमेरिकेतले बहुतेक ट्रेलर त्याच भागात बनतात, त्यामुळे आजूबाजूच्या राज्यांत डीलर खूप आणि वाहतूकही कमी. चार-पाच जणांना ईमेल टाका, फोन नको, फोनवर ते तुम्हालाच या म्हणतात. ईमेलमध्ये सरळ लिहा की हे मॉडेल, हा स्टॉक नंबर, मला सगळे खर्च धरून शेवटचा आउट-द-डोअर आकडा लेखी हवाय, फ्रेट, प्रेप, डॉक फी, टायटल (मालकीचा कागद) सगळं वेगवेगळं दाखवून. ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही, घ्यायचाय आणि सगळ्यांना विचारतोय हे सांगून टाकायचं. तिघे तरी उत्तर देतात.

आता त्या तळाच्या खर्चांबद्दल, कारण खरी गोम तिथे आहे. टॅक्स, टायटल, रजिस्ट्रेशन हे सरकारचे पैसे, त्यात बोलण्यासारखं काही नाही, आणि टॅक्स साधारणपणे तुम्ही जिथे रजिस्टर करणार त्या राज्याचाच लागतो त्यामुळे बिनटॅक्सच्या राज्यातून घेऊन टॅक्स वाचेल असं समजू नका. फ्रेट म्हणजे कारखान्यातून डीलरपर्यंत आणायचा खर्च, तो खरा असतो पण काही जण तो जाहिरातीतल्या भावात धरतात आणि काही जण वर लावतात, म्हणून दोन डीलरांचे भाव नुसते बघून तुलना होतच नाही. प्रेप फी म्हणजे ट्रेलर धुवून, तपासून, गॅस भरून द्यायचे पैसे, ही मला तरी पटत नाही, वस्तू चालू स्थितीत देणं हे विकणाऱ्याचं कामच आहे. डॉक फी म्हणजे कागदपत्रांची फी, काही राज्यांत तिला कायद्याने मर्यादा आहे आणि काहींत अजिबात नाही. बरेच डीलर म्हणतात की आम्ही डॉक फी सगळ्यांना सारखीच लावतो, काढता येत नाही. ठीक आहे, काढू नका, तेवढे ट्रेलरच्या भावातून कमी करा. मला शेवटच्या आकड्याशी मतलब.

सह्यकडा

हिशेबनीस यांनी भावाचं सांगितलंच आहे, मी वेळेचं सांगतो, कारण तोच ट्रेलर तोच डीलर कधी दोन हजार सोडतो आणि कधी दोनशे सोडत नाही.

डीलर हा माल स्वतःच्या पैशाने आणत नाही, बहुतेक वेळा फ्लोअर प्लॅनवर आणतो म्हणजे कर्जावर (वरच्या मांडणीच्या फ्लोअरप्लॅनशी याचा संबंध नाही). अंगणात उभ्या असलेल्या प्रत्येक ट्रेलरवर त्याचं व्याज चालू असतं आणि ठराविक महिने उलटले की मुद्दलातलाही काही भाग भरावा लागतो. म्हणून जो ट्रेलर आठ-दहा महिने पडून आहे तो त्याला नकोसा झालेला असतो. आता तो किती दिवस उभा आहे हे सेल्समन कशाला सांगेल, पण ट्रेलरच सांगतो. पुढच्या बाजूला डाव्या अंगाला म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूला एक स्टिकर असतं, त्यावर बनवल्याचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं. व्हीआयएन, म्हणजे वाहनाच्या ओळख नंबरातलं दहावं अक्षर मॉडेल इयर सांगतं, आर म्हणजे २०२४, एस म्हणजे २०२५, टी म्हणजे २०२६. टायरवर डीओटीच्या पुढे शेवटचे चार आकडे बघा, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष, १४२४ असेल तर २०२४ चा चौदावा आठवडा. हे तिन्ही बघून या आणि मग बोला. अगदी शांतपणे म्हणायचं की हा वर्षापूर्वी बनलाय, नवीन मॉडेल तुमच्याकडे आलेलं दिसतंय, हा हिवाळ्यात असाच उभा राहणार का. बास, पुढे गप्प बसायचं.

सीझनचंही तसंच. मार्च ते जून गिऱ्हाईक रांगेत असतं तेव्हा कोण भाव सोडेल. सप्टेंबर संपल्यापासून जानेवारीपर्यंत घ्या, त्यातही महिनाअखेर. आरव्हीच्या प्रदर्शनांत, म्हणजे शोमध्ये, पण भाव बरे मिळतात, सप्टेंबरात पेन्सिल्वेनियातला हर्शीचा शो मोठा, जानेवारीत फ्लोरिडात टॅम्पाचा. घेतलं नाही तरी तिथे एका दिवसात दहा कंपन्या आतून बघून होतात आणि शोचा भाव नंतर आपल्या गावच्या डीलरला दाखवता येतो.

अजून एक, कोणी तुम्हाला म्हणेल की आरव्ही मिळतायत कुठे, काही वर्षांपूर्वी तर लोक वर पैसे देऊन नेत होते. तो काळ गेला. २०२१ मध्ये कारखान्यांतून ६ लाखांच्या वर आरव्ही डीलरांकडे गेल्या होत्या, तो विक्रम होता, २०२३ मध्ये तोच आकडा ३ लाख १३ हजारांवर आला. म्हणजे मागणी निम्म्यावर. रविवारपर्यंतच भाव वगैरे मनावर घेऊ नका, सोमवारी त्यांचाच फोन येतो.

रानपाखरू

पायवाट, अगं तो हप्त्याचा कागद वाचून मला राहवलं नाही म्हणून लिहितेय. महिन्याला किती झेपेल या प्रश्नाचं उत्तर देऊच नकोस, कितीही गोड बोलून विचारलं तरी. एकदा तू ३०० म्हणालीस की मग ते ट्रेलरचा भाव बाजूला ठेवतात आणि वर्षं वाढवून वाढवून तुला ३०० त बसवून दाखवतात, आणि तुला वाटतं आपलं काम झालं.

हिशेब करून बघ. ३० हजार डॉलर ८ टक्क्यांनी १५ वर्षांसाठी घेतले तर हप्ता २८७ च्या आसपास येतो आणि एकूण भरणा होतो ५१,६०० च्या घरात. तेच १० वर्षांत फेडलं तर हप्ता ३६४ आणि एकूण ४३,७००. म्हणजे महिन्याला ७७ डॉलरच्या फरकासाठी जवळजवळ ८ हजार जास्त जातात, आणि इकडे आपण भावात हजार-दीड हजार पाडायला दिवसभर भांडणार. शिवाय ट्रेलरची किंमत पहिल्या एक-दोन वर्षांत धाडकन उतरते, लांबच्या कर्जात बरीच वर्षं अशी असतात की विकायला काढला तर बँकेचं देणं विक्रीच्या पैशांपेक्षा जास्त निघतं. मुलं मोठी झाली, बंकवर मावेनाशी झाली आणि बदलायचाय म्हटलं की तिथे अडकायला होतं.

म्हणून आधी क्रेडिट युनियनकडून (इथली पतपेढी) लोन मंजूर करून घे आणि ते पत्र पर्समध्ये ठेवून जा. डीलरला म्हण आधी भाव ठरवू, पैसे कसे देणार ते नंतर. भाव लेखी ठरला की मग खुशाल विचार तुमचा व्याजदर काय, कधीकधी खरंच कमी मिळतो. पण डीलर बँकेच्या दरावर स्वतःचा थोडा वर चढवू शकतो हे माहीत असू दे. आणि तुमच्याकडूनच लोन घेतलं तर अजून ५०० कमी करतो असं म्हणाले तर वाईट नाही, फक्त मुदतीआधी फेडलं तर दंड आहे का ते वाच, नसेल तर नंतर क्रेडिट युनियनकडे वळवता येतं.

मग शेवटी एका वेगळ्या खोलीत नेतात, फायनान्सवाल्याच्या. आपण तोवर थकलेलो असतो, मुलं चुळबुळ करत असतात, आणि तिथेच एक्स्टेंडेड वॉरंटी (म्हणजे सर्व्हिस काँट्रॅक्ट), रंगाचं कोटिंग, टायर प्रोटेक्शन, गॅप इन्शुरन्स (ट्रेलर गेला तर विम्याचे पैसे आणि कर्ज यातला फरक भरणारा) असं एकेक पान उलटत जातात. त्या खोलीत डीलरची कमाई चांगली होते. आज घेतलं नाही तर परत मिळणार नाही असं सांगतात पण सर्व्हिस काँट्रॅक्ट नंतरही घेता येतो, बाहेरूनही घेता येतो, आणि त्याचीही घासाघीस होते. नव्या ट्रेलरला बहुतेक कंपन्यांची एक वर्षाची वॉरंटी असतेच. नको म्हणायचं आणि परत नको म्हणायचं. मुलांना त्या दिवशी सासूबाईंकडे ठेवून जा हे माझं प्रामाणिक मत.

चाकोरी

वरचं सगळं बरोबर आहे पण माझं थोडं वेगळं म्हणणं आहे. शेवटच्या ५०० डॉलरसाठी जवळचा चांगला डीलर सोडू नका.

ट्रेलर म्हणजे चाकांवरचं घर, हायवेवर साठ मैलांच्या वेगाने हादरे खात जाणारं. पहिल्या वर्षात काही ना काही निघतंच, दार नीट लागत नाही, नळ गळतो, स्लाइड अडकते. तेव्हा वॉरंटीचं काम करून देणारा माणूस लागतो आणि बऱ्याच डीलरांकडे आधी आपल्या गिऱ्हाइकाचा ट्रेलर घेतात, बाहेरून घेतलेल्याला थांबवतात, काही ठिकाणी तर घेतच नाहीत. उन्हाळ्यात सहा आठवडे ट्रेलर त्यांच्या अंगणात पडून राहिला तर वाचवलेल्या पैशांचं काय करायचं? म्हणून लांबचा भाव घ्या, तो जवळच्याला दाखवा, त्याने अगदी तेवढाच केला नाही पण जवळ आला तर मी जवळच्याकडूनच घेईन. पण त्याआधी त्याच्या सर्व्हिस खात्यात जाऊन विचारा की आज टाकला तर नंबर कधी लागेल. उत्तर देताना माणूस खाली बघायला लागला तर मग लांबचाच बरा.

आणि भाव एका आकड्यावर अडला की वस्तू मागा. डीलरला रोख ८०० सोडायला जिवावर येतं पण दुकानातली वस्तू द्यायला तेवढं येत नाही कारण त्याला ती घाऊक भावात पडते. वेट डिस्ट्रिब्यूशन हिच (ट्रेलरचा भार वाटून देणारी जोडणी) आणि स्वे कंट्रोल (ट्रेलरचं डुलणं रोखणारं) बसवून, ब्रेक कंट्रोलर (ट्रकमधून ट्रेलरचे ब्रेक चालवणारा), चांगली बॅटरी, दोन्ही गॅस सिलिंडर भरून, पाण्याचा प्रेशर रेग्युलेटर. हे सगळं तुम्हाला लागणारच आहे.

पीडीआयचं, म्हणजे ताब्यात घेण्याआधीच्या तपासणीचं, मला जास्त कळकळीने सांगायचंय. सही करायच्या आणि पूर्ण पैसे द्यायच्या आधी दोन-तीन तास घ्या. फ्रिज आदल्या रात्रीपासून चालू ठेवायला सांगा, गॅस-विजेवर चालणारे फ्रिज गार व्हायला कितीतरी तास घेतात, तिथे उभं राहून कळत नाही. गरम पाणी, भट्टी (खोली गरम करणारा हीटर), एसी, सगळे बर्नर, सगळे नळ एकदम चालू करून खाली वाकून बघा. शिडी मागा आणि छतावर नजर टाका, व्हेंट आणि अँटेनाभोवती जो सीलंटचा पट्टा असतो तो सलग आहे ना, कुठे फट किंवा बुडबुडा नाही ना. स्लाइड बाहेर काढून तिच्या वरच्या कोपऱ्यातली रबर पट्टी बोटाने दाबून बघा, नवीन ट्रेलरला सुद्धा ती कधीकधी दुमडून आत गेलेली असते आणि पावसाचं पाणी तिथून सरळ आत येतं. खिडक्यांच्या खालच्या कोपऱ्यात भिंत दाबा, मऊ लागली किंवा बाहेरून फायबरग्लासला फुगवटा दिसला तर तो ट्रेलर कितीही स्वस्त दिला तरी नको. ट्रेलर मरतात ते पाणी मुरूनच.

जे निघेल ते सगळं लिहून काढायचं. ती यादी हीच तुमची सगळ्यात भक्कम घासाघीस आहे. पैसे दिल्यावर तीच यादी विनंती अर्ज होते.

सह्यकडा

+१ चाकोरी. आणि भावाच्या आधी वजन बघा, हे कोणी लिहिलंच नाही. ट्रकच्या ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर पिवळं स्टिकर असतं, त्यावर माणसं आणि सामान मिळून किती पाउंड चालतील ते लिहिलेलं असतं. टो कपॅसिटीचा, म्हणजे ट्रक किती वजन ओढेल त्याचा, जाहिरातीतला आकडा सोडा. ट्रेलर भरलेला असताना त्याच्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर येतो, ट्रेलरचं जीव्हीडब्ल्यूआर (सामानासकट जास्तीत जास्त चालणारं वजन) ७,६०० पाउंड असेल तर हिचवर ७६० ते १,१४०. त्यात तुम्ही पाच जण, हिच आणि मागे लाकडं-सायकली. हाफ-टनला हे गणित पटकन हाताबाहेर जातं. सेल्समन म्हणेल आरामात ओढेल. ओढेल हो, थांबवताना काय?

पायवाट

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. थोडी प्रगती सांगते.

पिवळं स्टिकर बघितलं, १,६५० पाउंड निघाले. आम्ही पाच जण मिळून ६०० च्या आत, आणि या ट्रेलरचं जीव्हीडब्ल्यूआर ६,८००, म्हणजे १३ टक्के धरले तरी हिचवर ८८४. वर वेट डिस्ट्रिब्यूशन हिचचे १०० धरले तर काठावर बसतंय, ट्रकमध्ये बाकी सामान जवळपास काहीच ठेवायचं नाही, सायकली घरी राहणार. नवरा म्हणतो चालेल, मी अजून विचारात आहे, याच कंपनीचा थोडा हलका फ्लोअरप्लॅन पण बघतोय.

ईमेल पाच जणांना टाकले. दोघांनी या म्हटलं, तिघांनी आकडे दिले. एकाने तर ट्रेलर २९,७०० फ्रेटसकट आणि डॉक फी २९९, प्रेप शून्य असं लिहून पाठवलंय! तो साडेतीन तासांवर आहे. आमच्या जवळच्याला दाखवलं तर तो ३३,९९५ वरून ३१,२०० वर आला आणि प्रेप फी काढली. आणि हो, व्हीआयएनचं दहावं अक्षर बघितलं, मागच्या मॉडेल इयरचा आहे, हे त्याने आपणहून सांगितलंच नव्हतं.

आता दोन प्रश्न. जवळचा डीलर ५०० डॉलर डिपॉझिट देऊन होल्ड करा म्हणतोय, द्यावं का? आणि शेजारच्या गावात एकाकडे तीन वर्षं वापरलेला असाच ट्रेलर २१ हजारांना आहे, सासूबाई म्हणतात नवीन कशाला, त्यांचं बरोबर आहे का?

हिशेबनीस

जवळच्याने २,८०० एका ईमेलवर सोडले म्हणजे अजून शिल्लक आहे. मागच्या वर्षीचं मॉडेल निघालंय तर ३०,००० अधिक हिच आणि ब्रेक कंट्रोलर बसवून असं मागा आणि आज ठरलं तर आज देते म्हणा. खरंच देणार असाल तरच म्हणा, शब्दाला किंमत राहिली पाहिजे.

डिपॉझिट द्या पण पावतीवर 'रिफंडेबल' असं लिहून घेतल्याशिवाय नाही, आणि क्रेडिट कार्डवर द्या, रोख नको. भाव, स्टॉक नंबर आणि पीडीआयमध्ये पसंत पडला तरच पुढे, हेही त्याच कागदावर पाहिजे. बऱ्याच लोकांना वाटतं की सही केल्यावर तीन दिवसांत परत करता येतं, तो फेडरल नियम डीलरच्या दुकानात जाऊन केलेल्या खरेदीला लागू होत नाही. लेमन लॉच्या (सदोष वाहन परत घ्यायला लावणारा कायदा) भरवशावरही राहू नका, खूप राज्यांत टो करायचे ट्रेलर त्यात येत नाहीत.

रानपाखरू

सासूबाईंचं मला पटतं! पहिली मोठी घसरण आधीच्या मालकाने सोसलेली असते, आणि कारखान्यातल्या बारीकसारीक चुकाही बहुतेक दुरुस्त झालेल्या असतात. प्रायव्हेट विक्रीत प्रेप नाही डॉक नाही ती फायनान्सची खोली नाही. पण तिथे पाठीशी कोणी नसतं हेही खरं.

जे. डी. पॉवरवर त्या मॉडेलची किंमत बघ, पूर्वी नाडा गाइड म्हणायचे तेच. मग मालकाला विचार टायटल हातात आहे का बँकेकडे. लोन बाकी असेल तर व्यवहार त्यांच्या बँकेतच बसून करायचा, टायटल नंतर पाठवतो या बोलीवर पैसे सोडायचे नाहीत. व्हीआयएन एनआयसीबीच्या (विमा कंपन्यांची गुन्हेतपास संस्था) साइटवर फुकट तपासता येतो, चोरीचा वगैरे नाही ना ते कळतं. आणि एनआरव्हीआयएचा (आरव्ही तपासनिसांची संघटना) सर्टिफाइड इन्स्पेक्टर लाव, त्याचे काहीशे डॉलर जातील पण तो ओलावा मोजतो, छत बघतो, लेखी रिपोर्ट देतो. तो रिपोर्ट मालकापुढे ठेवून बोलायचं की टायर बदलायचे आहेत, छताचं सीलंट परत करायचंय, एवढा खर्च आहे, तेवढा कमी करा. माणूस माणसाशी बोलतो तेव्हा कागद पुढे असला की कोणाचा अपमान होत नाही. विकणाऱ्याला अंगणातली जागा मोकळी करायची घाई असेल तर १९ ला पण देईल.

पायवाट

रविवारी वापरलेला बघायला जातोय, शिडी आणि ओलावा मोजायचं मीटर दोन्ही घेऊन. इन्स्पेक्टरलाही मेसेज टाकलाय. तोपर्यंत डीलरला डिपॉझिट देत नाही, तीस हजाराची लेखी ऑफर मात्र ईमेलने पाठवून ठेवली.

चाकोरी

छान. डीलरकडे ठरलंच तर एक गोष्ट, पीडीआयच्या यादीतलं जे काम नंतर करून देतो म्हणतील ते ड्यू बिलवर, म्हणजे डीलरने काय करून द्यायचंय त्या कागदावर, लिहून मॅनेजरची सही आणि तारीख घ्या, सेल्समनची नको, तो पुढच्या महिन्यात दुसरीकडे गेलेला असतो. आणि वापरलेला घ्यायचा झाला तर मालकाला आधीच फोन करून सांगा की पाण्याची टाकी भरलेली ठेवा, पंप चालू करून बघायचाय.